विरघळलेले केस आणि बाळूदादाचा पाय

तुमचे कापलेले केस कुठे जातात, हे तुम्ही आयुष्यात एकदा तरी विचारलं आहे का?

मासे कालचे की आजचे, हे तुम्ही कोळणीला खडसावून विचारता. आंबा देवगडचा की आमच्या रत्नागिरीचा, यावर भांडता. पण महिनाभर डोक्यावर वागवलेली वस्तू खुर्चीतून उठताना झटकता आणि निघून जाता. मी सांगते कुठे जातात. गोणीत भरून पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला जातात, दगडी गडग्यामागे टाकले जातात, नाहीतर पालापाचोळ्याबरोबर जाळले जातात आणि मग सगळी वाडी नाक दाबून फिरते. मला हे माहीत आहे, कारण काही वर्षं मी रत्नागिरीतल्या सलूनांतून केस गोळा करत होते. नोकरीच होती ती माझी.

या अंकाच्या संपादकांनी 'तरुण संशोधिकेचे उत्साहवर्धक अनुभव' मागितले आहेत. अनुभव आहेत. उत्साहाचं वाचकांनी आपापलं बघावं.

मी देवरूखची. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक आणि युनियनचे कार्यकर्ते. आमच्या घरात देव्हाऱ्यापेक्षा युनियनची पत्रकं छापायच्या सायक्लोस्टाइल मशीनची पुसपास जास्त व्हायची. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'बंधूंनो आणि भगिनींनो' या शब्दांवर. शाळेत निबंध लिहिला तरी शेवटी मागण्या असायच्या. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून लोट्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. तिथे सांडपाण्याचा नमुना कुठल्या नळाचा घ्यायचा, हे मला वरून सांगितलं जायचं. मी दुसऱ्या नळाचा घेतला. कंपनीच्या बसने घरी सोडलं, ते पुन्हा न्यायला आली नाही.

मग रत्नागिरीत एका कॉलेजच्या मागच्या खोलीत शुभांगी मॅडमकडे आले. पूर्वी तिथे वनस्पतीशास्त्राचे वाळलेले नमुने ठेवायचे. मॅडम निवृत्तीला आलेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांना केसांतलं प्रथिन पाण्यात विरघळवून त्याचा जखमेवर लावता येईल असा लगदा, म्हणजे जेल, बनवायचा होता. जगात पुष्कळ ठिकाणी यावर काम चालू आहे. आमच्याकडे ते गळक्या छपराखाली चालू होतं, एवढाच फरक.

काम काय, ते सरळ सांगते. केस म्हणजे मुख्यतः केराटिन नावाचं प्रथिन. त्याचे लांब लांब धागे असतात आणि ते एकमेकांना गंधकाच्या टाक्यांनी शिवलेले असतात. म्हणून तर केस वर्षानुवर्षं कुजत नाही, विहिरीत पडला तर पुढच्या पिढीला सापडतो. तो पाण्यात विरघळवायचा तर आधी टाके उसवायला हवेत. त्यासाठी केस धुवायचे, खोबरेल काढायचं, बारीक कापायचे आणि एका उग्र द्रावणात गरम ठेवायचे. वास कुजक्या अंड्याचा. माझ्या आईने माझे कामाचे कपडे घरात घ्यायचं बंद केलं होतं. उसवलेलं प्रथिन पाण्यात उतरलं की ते गाळून एका पातळ पडद्याच्या नळीत भरायचं आणि नळी स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवायची. किडनीच्या माणसांचं डायलिसिस करतात तेच. रसायनं बाहेर जातात, प्रथिन आत राहतं. शेवटी काकवीच्या रंगाचं पातळ पाणी हातात येतं.

खरी नाटकं तिथून पुढे. या पाण्यात थोडं आम्ल जास्त पडलं की दूध नासावं तसं ते फाटतं, कारण धाग्यांवरचा जो विद्युतभार त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतो तोच नाहीसा होतो. मीठ वाढलं की गुठळ्या. फार पातळ असलं की नुसतंच पाणी, फार दाट केलं की तळाशी गाळ. पण सगळं जमलं आणि त्याला हवा लागली, की उसवलेली गंधकाची टोकं पुन्हा एकमेकांना शोधतात, टाके परत पडतात आणि बाटली आडवी केली तरी आतला माल हलत नाही. खरवस जमावा तसा जमतो. पहिल्यांदा जमला तेव्हा मी बाटली उलटी धरून कॉलेजच्या व्हरांड्यात पळाले होते. प्राचार्यांना वाटलं मला काहीतरी चावलं.

चिकित्सक गिऱ्हाइकं आम्हालाही होती. एक बागायतदार यायचे. त्यांना हे पाणी कलमांवर फवारायला हवं होतं. "माणसाचे केस वाढतात, तर मोहर का नाय वाढणार?" असा त्यांचा सवाल. ब्यूटी पार्लरची एक बाई लग्नसराईत येऊन म्हणाली, "केराटिन ट्रीटमेंट म्हणतात ती तुम्ही डायरेक्ट करून देता ना?" आणि एकदा मंडणगडकडची एक म्हातारी आली. नातवाचं जावळ सुनेने परस्पर आमच्या गोणीत दिलं होतं. म्हातारी दारातच बसली.

"कुठल्या बाटलीत हाय माज्या पोराचा केस, दाखव. कुणी करणी केलान म्हंजे?"

माझ्या डोक्यात ताबडतोब एक पत्रक तयार झालं, ठळक मथळ्यासह. मी तोंड उघडणार तोच मॅडमनी म्हातारीचा हात धरून तिला आत नेलं आणि काकवीसारखं पाणी दाखवलं.

"आजी, यात शंभर माणसांचे केस विरघळलेत. यातून तुमच्या नातवाचा वेगळा काढून दाखवा बघू."

म्हातारीने बाटली उजेडात धरली, हलवली, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"नाय गावायचा," ती म्हणाली. "मंग भुताला पन नाय गावायचा." आणि समाधानाने चहा पिऊन गेली.

माझ्या सगळ्या पत्रकांनी मिळून एवढं काम कधी केलेलं नाही.

आता बाळूदादा. त्याचं सलून एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. तीन खुर्च्या, त्यातली एक कायम वर्तमानपत्रं ठेवायला. पन्नाशी ओलांडलेला, अंगाने किरकोळ, बोलायला खमका. आमच्यासाठी सगळ्यात नेटकं काम तोच करायचा. आम्ही सलूनवाल्यांना दोन पिशव्या देत असू. पांढऱ्या पिशवीत न रंगवलेले केस, निळ्या पिशवीत डाय लावलेले, सरळ केलेले, असले सगळे. कारण असं की डायमधलं रसायन केसातली गंधकाची टोकं जाळून टाकतं. असा केस पाण्यात उतरतो, पण पुन्हा टाका पडायला तिथे काही उरलेलं नसतं. बाळूदादा प्रत्येक डोकं झाल्यावर वाकून झाडू मारायचा आणि त्या त्या पिशवीत भरायचा. बाकीच्यांना एवढी फुरसत नसे.

केसगोळा मोहिमेचं पत्रक अर्थातच मी लिहिलं होतं. हे औषध नाही, हा प्रयत्न आहे, असं त्यात स्पष्ट होतं. पण खाली ठळक अक्षरांत होतं: 'ज्याच्या हातचं काम, त्याचा फळावर पहिला हक्क!' वडिलांच्या जुन्या पत्रकातली ती ओळ. बाळूदादाने ते आरशाच्या कोपऱ्यात चिकटवलं होतं, फिटकरीच्या तुकड्याशेजारी.

श्रावणात मी त्याच्याकडे गेले तेव्हा दोन्ही पिशव्या रिकाम्या.

"सरावण हाय गो बाय," तो म्हणाला. "कोन डोक्याला कात्री लावतोय? गणपतीपर्यंत मी हितं माश्या मारतंय."

मग त्याने शेजारच्या खुर्चीवर पाय वर घेतला. "तू शिकलेली. जरा बग हे काय झालांय."

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यात एक बारीक भोक होतं. भोवती लाल, आत काळा ठिपका. बाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं, पण सलूनवाल्यांच्या धंद्याचा हा ठरलेला त्रास आहे. कात्रीने कापलेल्या केसाचं टोक सुईसारखं असतं. बोटांमधली कातडी मऊ, घामेजलेली. केस आत शिरतो, त्याच्या मागून दुसरा शिरतो आणि आत घर करतो. तरी दिवसभर पायात काही घातलं तर टळतं. पण बाळूदादा दुकानात अनवाणी असायचा. 'दुकानात लक्ष्मी असते, चपला बाहेर.' गिऱ्हाइकाच्या चपला चालत, त्याच्या स्वतःच्या नाही. त्यात त्याला साखर. पाय बधीर. कधी रुतलं ते कळलंच नव्हतं.

"सिव्हिलला जा दादा. उद्याच जा," मी म्हटलं.

"जातंय गो. पन तुज्याकडचा तो चीक दे की थोडा."

"ते औषध नाही."

"मंग काय हाय?"

"प्रयोग आहे."

"जखमेवरच लावायचा ना परयोग? ही बग जखम. घरपोच आणून दिलीय तुला."

मी त्याला समजावलं. आमच्या खोलीतलं ते पाणी निर्जंतुक केलेलं नाही. प्रथिन म्हणजे जंतूंना पंगत. माणसाला लावण्याआधी किती तपासण्या, किती परवानग्या, वर्षं लागतात.  मग त्याने कंगवा उचलला आणि आरशातल्या पत्रकावर टेकवला.

"हे कुनी लिवलान? तूच ना? पयला हक्क. केस माज्या हातचे, पाय माजा. मी भीक नाय मागत, बाय. हक्क मागतंय."

लहानपणापासून ज्या वाक्यावर मी टाळ्या वाजवल्या, ते वाक्य समोरून आलं तर काय उत्तर द्यायचं, हे कुठल्या पत्रकात लिहिलेलं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "गणपतीनंतरची बॅच नीट जमली तर मुंबईला तपासायला पाठवणार आहोत. तिथून पुढे बघू. तुम्ही मात्र उद्या सिव्हिलला जा."

"बरां," तो म्हणाला.

श्रावण संपला आणि गावाने एकदम मान खाली घातली. गणपतीच्या आधीचे ते तीन-चार दिवस तुम्ही रत्नागिरीतलं एखादं सलून पाहिलं असेल तर माहीत असेल. महिनाभराची वाढलेली डोकी, त्यात मुंबईहून आलेले चाकरमानी. बाकावर जागा नाही, पायरीवर माणसं. मी दोनदा जाऊन पिशव्या घेऊन आले. गर्दीत बाळूदादाशी बोलणंही झालं नाही. त्याने मानेनेच कोपरा दाखवला. पांढरी पिशवी फुगलेली होती.

ते केस झकास विरघळले. नेहमीपेक्षा निम्म्या वेळात उतरले. आम्ही खूश. मॅडम घरून खिचडी घेऊन आल्या. काकवी रंगाचं पाणी नळीतून काढलं, बाटल्यांत भरलं, हवेला ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाटली आडवी केली आणि ते डावीकडून उजवीकडे वाहत गेलं. तिसऱ्या दिवशीही. दाट केलं, आम्ल मोजून पाहिलं, पाणी बदललं. काही नाही. मुंबईला पाठवायची तारीख जवळ येत होती आणि आमच्या बाटल्यांत चहा होता.

शेवटी मी पिशवीच्या तळाशी उरलेले केस पांढऱ्या कागदावर पसरले आणि भिंगाखाली धरले. एक टोक काळं कुळकुळीत, दुसरं टोक पांढरं. एका केसाचं नाही, कितीतरी केसांचं. पांढरा भाग श्रावणात वाढलेला, काळा त्याआधी डाय केलेला. चाकरमान्यांची डोकी, सरपंचांचं डोकं, बँकेच्या साहेबांचं डोकं, सगळी पांढऱ्या पिशवीत. लवकर का विरघळले तेही कळलं. डायने आधीच अर्धं उसवून ठेवलं होतं.

मी तणतणत स्टँडच्या मागच्या गल्लीत गेले. चांगलं सुनवायचं ठरवलं होतं. शिस्त म्हणजे काय, सामूहिक काम म्हणजे काय, बरंच काही जिभेवर होतं.

बाळूदादा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला होता. पायावर दुधाची पिशवी चढवून वर सुतळी बांधलेली. हातात लांब दांड्याचा झाडू. बसल्या बसल्या त्याने सगळे केस एकाच ढिगात ओढलेले दिसत होते.

"वाकवत नाय गो," तो म्हणाला. "म्हणून यकाच पिशवीत भरले. चाललां ना?"

दुकानात वास येत होता. फिनेलच्या वरताण.

"दादा, सिव्हिलला गेला होतात?"

"गणपतीत दुकान बंद ठेवू? गिऱ्हाईक काय म्हणेल? आनि ते लोक पाय बगतात नि कापूच म्हणतात. शेजारच्याचा कापलानी. म्हटलां, तुजी बॅच येऊंदे, चार दिवसांचा तर परश्न." त्याने झाडू भिंतीला टेकवला. "जमली ना बॅच?"

मी त्याला काय सांगितलं होतं ते मला आठवत होतं. त्याने काय धरून ठेवलं होतं ते आत्ता कळत होतं. तो महिनाभर माझ्या बाटल्या जमण्याची वाट बघत बसला होता, आणि बाटल्या जमत नव्हत्या त्या त्याला वाकता येत नव्हतं म्हणून.

"नाही जमली," मी म्हटलं.

"का?"

"केस बरोबर नव्हते."

"माजे?"

"गणपतीचे," मी म्हटलं. "चला, उठा. स्कूटर आणलीय."

तो उठेना. खुर्चीचा हात धरून बसला. मला ओरडायचं होतं. पण ओरडायलाही ताकद लागते. मी त्याच्यासमोर खाली बसले, केसांच्या ढिगातच, आणि सुतळी सोडायला लागले. तेव्हा तो लाजून म्हणाला, "तू नको हात लावू. येतंय मी."

सिव्हिलला ओपीडीच्या रांगेत दुपार गेली. तरुण डॉक्टर होता, माझ्याच वयाचा, डोळ्यांखाली काळं. त्याने जखम उघडली, चिमट्याने आत चाचपलं आणि ओढलं. केस आला. मग आणखी. मग छोटा पुंजकाच आला, ओला, काळा. ज्या वस्तूपासून जखम बरी करणारं जेल करायचं म्हणून आम्ही सगळे राबत होतो, ती तिथे चिमट्याच्या टोकाला होती. 

बाळूदादा मान वर करून पाहत होता.

"डॉक्टर, टाकू नका," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "पांढऱ्या पिशवीत की निळ्या, गो?"

डॉक्टरला काही कळलं नाही. मी हसले, आणि मग बाहेर जाऊन व्हरांड्यात बसले.

दोन बोटं गेली. पाय राहिला. "श्रावणात आले असते तर केस काढून, आठ दिवस ड्रेसिंग करून घरी पाठवलं असतं," डॉक्टर म्हणाला. दोष देण्यासाठी नाही. त्याला तेवढंच ठाऊक होतं, तेवढं त्याने सांगितलं.

पुढे आमची बॅच जमली. न रंगवलेल्या केसांची, शाळकरी मुलांच्या. मुंबईला गेली, अहवाल आला. आशादायक, पुढील अभ्यास आवश्यक. पुढील अभ्यासाला लागणारं अनुदान आलं नाही. मॅडम निवृत्त झाल्या, खोली पुन्हा वाळलेल्या पानांना दिली. मी आता शिकवण्या घेते. हे काम फुकट गेलं असं मी म्हणणार नाही. कधीतरी कुणीतरी ते पुढे नेईल आणि केसांचं जेल खरंच जखमेवर बसेल. पण त्या भरवशावर कुणाला बसवून ठेवायचं बळ आता माझ्यात नाही.

वडिलांना मी सगळं सांगितलं. त्यांनी माझं पत्रक मागून घेतलं, चष्मा लावून दोनदा वाचलं.

"चांगलं लिहिलंयस," ते म्हणाले. "पण एक मुद्दा राहिला."

"कुठला?"

"पायात काहीतरी घाला, म्हणून."

बाळूदादा आता दुकानात कॅनव्हासचे बूट घालतो. लक्ष्मीचं काय, असं मी विचारलं. म्हणाला, "तिला सांगितलांय. माजा पाय ऱ्हायला तर तुज्यापुढं हुबा ऱ्हाईन." मोहीम संपली तरी तो दोन पिशव्यांत केस भरतो. कुणाला द्यायचे, ते ठरलेलं नाही. मी विचारत नाही.

मी बाकीच्या सलूनांत फिरले. नवीन पत्रक नाही नेलं. नुसतीच गेले, पाय दाखवा म्हणाले. काही हसले. काहींनी "दुकानात चपला? मग देव कशाला लावलेत भिंतीला?" असं सुनावलं. दोघांच्या बोटांत मला तसाच काळा ठिपका दिसला. त्यातला एक माझ्याबरोबर आला. दुसरा बघू म्हणाला. रत्नागिरीत एवढी सलूनं आहेत, जिल्ह्यात त्याहून किती, आणि मी एकटी, आणि माझे केस ते कापत नाहीत. माझं त्यांनी का ऐकावं?

तुमचं ऐकतील. तुम्ही गिऱ्हाईक आहात. दर महिन्याला तुमची मान त्यांच्या हातात असते, त्यामुळे ओळखही जुनी आहे. म्हणून माझी तुम्हाला एकच विनंती आहे, आणि ती हा अंक कपाटात जाण्याआधी करण्यासारखी आहे. पुढच्या वेळी केस कापून झाले की उठू नका. त्याला समोर बसवा आणि पाय वर घ्यायला सांगा. संकोच वाटेल, त्यालाही आणि तुम्हालाही. बोटं फाकवून बेचक्यात बघा. भोक, लाली, काळा ठिपका, काही दिसलं तर त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्या आणि रांगेत त्याच्या शेजारी बसा. साखर असेल तर अर्धा दिवसही थांबू नका.

तो म्हणेल, दिवाळी होऊ दे. तुम्ही शटर खाली ओढा.